लिव्हरच्या पेशंटला देतात तो प्रश्नांचा कागद: भरायचा कोणी आणि वाचायचा कोणी?

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गंगाखेड तालुक्यातून लिहितोय. आमच्या अण्णांना तीन वर्षांपूर्वी लिव्हर सिरॉसिस निघाला, म्हणजे लिव्हर हळूहळू कडक होत जातं तो आजार. कारण हिपॅटायटिस बी. अण्णा माळकरी, दारूला आयुष्यात हात लावलेला नाही. हे आधीच सांगतो, कारण लिव्हर म्हटलं की गावात लोक एकमेकांकडं बघतात, आणि त्या बघण्याचा अण्णांना दुखण्यापेक्षा जास्त त्रास होतो.

दर तीन महिन्यांनी त्यांना संभाजीनगरला दाखवायला नेतो. मागच्या वर्षी तिथं एक छापील कागद हातात दिला. २९ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत थकवा किती वेळा जाणवला, पोट फुगल्यासारखं किती वेळा वाटलं, असे. प्रत्येकापुढं सात चौकटी, 'सतत'पासून 'कधीच नाही'पर्यंत. अण्णांचा चष्मा घरी राहिला होता, नंबर जवळ आला होता, म्हणून रांगेत उभ्या उभ्या मीच भरून टाकला. पाच मिनिटंही लागली नाहीत. थकवा, कधी कधी. झोप, ठीक. पायात गोळे, कधीच नाही. कागद फायलीला टाचला. आत डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट बघितले, "स्टेबल आहे" म्हणाले, आम्ही परतीच्या गाडीला.

पुढच्या खेपेला तोच कागद. पण या वेळी तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "दादा, तुम्ही बाहेर बसा, बाबांना मी वाचून दाखवते." मी दारालगतच्या बाकावर बसलो. आतलं ऐकू येत होतं. पायाच्या गोळ्यांचा प्रश्न आला तेव्हा अण्णा म्हणाले, "रातच्याला पोटऱ्या आवळतात बाई. रोजच. उठून बसतो भिताडाला टेकून. पोराला काहून उठवावं, सकाळी ड्यूटी असती त्याची."

मी शेजारच्याच खोलीत झोपतो.

पुढं एकेक निघत गेलं. रात्री डोळा लागत नाही, दिवसा पेंग येते. चिडचिड होते. पोथी वाचताना ओळ सुटते. सिस्टरनी विचारलं, "बाबा, ते गोड पातळ औषध घेता ना, परसाकडं किती वेळा होते?" तेव्हा कळलं की दवाखान्याची तारीख आली की दोन दिवस आधीपासून अण्णा लॅक्टुलोज बंद करायचे. धोतर नेसणारा माणूस, गर्दीची गाडी, स्टँडवरची संडास, मध्येच पोट आलं तर करायचं काय? आणि घरी आल्यावरही अर्धंच झाकण घ्यायचे, कारण शेतात गेल्यावर तीच अडचण.

डॉक्टरांनी त्यांना एका मिनिटात जमतील तेवढी जनावरांची नावं सांगायला लावली. ज्यांचा जन्म गोठ्यात गेला ते अण्णा आठ नावांवर अडले. नववं आठवेना. रिपोर्ट तर मागच्यासारखेच होते.

तुमच्याकडं कुणाला असा कागद मिळाला का? भरल्यावर पुढं काय झालं? मी पहिल्यांदा जो भरला तो खोटाच होता, आणि तीन महिने कुणाला ते कळलं नाही. ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

पोटविकार_नांदेड | सोमवार, रात्री ११:०५

गोदाकाठ, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मी याच शाखेचा डॉक्टर आहे.

२९ प्रश्न, सात पर्याय, दोन आठवडे, म्हणजे तो बहुतेक सीएलडीक्यू. जुनाट लिव्हर विकारासाठी खास बनवलेली प्रश्नावली. १९९९ साली अमेरिकेत झोबैर युनोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. पोटाच्या तक्रारी, थकवा, अंगातल्या इतर तक्रारी, हालचाल, मन आणि काळजी असे तिचे सहा गट. १ ते ७ गुण, जितके जास्त तितकं बरं. साधारण अर्ध्या गुणाचा फरक पडला तरी पेशंटला तो जाणवतो असं धरतात.

रिपोर्ट स्टेबल असूनही अण्णांचे हे हाल कसे, याबद्दल. आम्ही ज्या आकड्यांवर निर्णय घेतो, त्यातला मोठा म्हणजे मेल्ड. मूळ मेल्ड बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि आयएनआर या तीन रक्ततपासण्यांवरून काढतात, ६ ते ४०. तो आधी टिप्स नावाच्या एका प्रोसिजरनंतर कोण किती जगेल याचा अंदाज घ्यायला तयार केला, आणि २००२ पासून अमेरिकेत लिव्हरच्या प्रतीक्षायादीचा क्रम त्यावर लावायला लागले. त्या कामात तो चोख आहे. पण पोटऱ्या आवळणं, झोप उडणं, अंगाला खाज, मनातला घोर यांपैकी काहीही त्या तीन तपासण्यांत उमटत नाही. सारख्याच मेल्डचे दोन पेशंट माझ्यासमोर बसतात. एक बाजार करून आलेला असतो, दुसऱ्याला उठवून बसवावं लागतं.

रात्री जाग आणि दिवसा पेंग हे सिरॉसिसमध्ये मेंदूवर परिणाम व्हायला लागल्याचं लवकरचं लक्षण असू शकतं. जनावरांची नावं सांगायला लावली तीही हेच तपासायला. आतड्यातला अमोनिया लिव्हरकडून साफ होत नाही, तो डोक्यापर्यंत जातो. लॅक्टुलोज साध्या पोटसफाईसाठी दिलेलं नसतं, ते यासाठी असतं. दिवसाला दोन-तीन मऊ शौच झाले पाहिजेत. प्रवासाची अडचण खरी आहे, पण औषध आपल्या मनानं बंद करू नका. वेळ मागंपुढं कशी करायची ते डॉक्टरांना विचारा. माझे किती पेशंट गाडीच्या धास्तीनं ते बंद करत असतील, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. उद्यापासून विचारेन.

आणखी एक. हिपॅटायटिस बी आहे, तर आई, तुम्ही, भावंडं, मुलं, सगळ्यांची तपासणी झाली का? नसेल तर करून घ्या, निगेटिव्ह निघतील त्यांना लस द्या. २८ जुलै २०१८ पासून हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे, त्यात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

बालाघाटी | मंगळवार, पहाटे ५:५०

रात्रपाळी संपवून लिहितेय. अंबाजोगाईकडची आहे, सरकारी वॉर्डात १४ वर्षं नर्स. एका अभ्यासासाठी असे कागद मी शेकड्यानं वाचून दाखवलेत.

पहिली अडचण नातेवाइकांची. तुम्ही भरलात त्यात तुमचा दोष नाही दादा, सगळेच भरतात. मुलगा असेल तर त्रास कमी लिहितो, कारण त्याला दिसलेलाच नसतो. सून असेल तर गप्प बसते. बायको असेल तर नवऱ्यापेक्षा जास्त सांगते आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघतं. म्हणून मी आधी पेशंटला एकट्याला विचारते आणि मग घरच्यांना बोलावते.

दुसरी अडचण भाषेची. तुमच्या कागदात थकवा, शक्ती कमी होणे, ऊर्जा कमी होणे आणि गुंगी असे वेगवेगळे प्रश्न असतील बघा. आपल्या म्हाताऱ्यांना सगळं एकच वाटतं. "आत्ताच तर सांगितलं की बाई, पुन्हा तेच काय इचारायलीस?" पण ते एक नाहीच. काम करून दमणं वेगळं. हातात बळ नसणं, घागर न उचलणं वेगळं. उठायची उमेदच नसणं वेगळं. आणि डोळ्यावर झापड येणं तर अगदीच वेगळं, तिथं लॅक्टुलोज कमी पडतंय का ते बघावं लागतं. माणसाला त्याच्या बोलीत विचारलं की तो चारही वेगळे सांगतो. 'ऊर्जा' म्हटलं की शेवटच्या चौकटीवर बोट ठेवून मोकळा होतो.

तिसरी, सात चौकटींची. 'बहुतेक वेळा' आणि 'बराच वेळ' यांतला फरक मला स्वतःला समजावून सांगता येत नाही. मी म्हणते, "रुपयातले किती आणे?" सोळा आणे म्हणजे सतत, आठ आणे म्हणजे निम्मा वेळ. साठीच्या पुढचे लगेच सांगतात.

पोटविकार_नांदेड | मंगळवार, सकाळी ८:१५

सिस्टर, आण्यांची युक्ती मी घेणार. फक्त एक लक्षात असू द्या. अभ्यासासाठी गुण मोजायचे असतील तर शब्द आणि पर्याय आपल्या मनानं बदलता येत नाहीत, नाहीतर इथला ४ आणि दुसरीकडचा ४ सारखा राहत नाही. त्याची रीत ठरलेली आहे. भाषांतर करायचं, दुसऱ्यानं ते मूळ भाषेत उलटं करायचं, दोन्ही ताडून बघायचं, आणि मग खऱ्या पेशंटना वाचायला देऊन "यातून तुम्हाला काय समजलं?" असं विचारायचं. ही शेवटची पायरी पुण्यात बसून झाली तर ती धारूरच्या किंवा औंढ्याच्या माणसाची झाली नाही, हे तुमचं वाचून मला पूर्ण पटतं. पण गुण मोजायचे नसतील, नुसतं पेशंटशी बोलणं सुरू करायचं असेल, तर खुशाल आण्यांत विचारा.

२९ प्रश्नांना वेळ नसेल तर ईक्यू-५डी आहे. चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं आणि चिंता-उदासी, एवढे पाचच प्रश्न, आणि आजची तब्येत ० ते १०० मध्ये कुठं ते दाखवायची पट्टी. ती मराठीतही आहे. पण त्यात खाज नाही, गोळे नाहीत, पोट फुगणं नाही. लिव्हरच्या पेशंटला ती अपुरी पडते.

मोसंबी_जालना | मंगळवार, दुपारी १:३०

सगळ्यांचा मान ठेवून थोडं कडू बोलतो. माझा भाऊ याच आजारानं गेला. त्याला कागद नव्हता मिळाला असं नाही, दोनदा मिळाला. त्यानं स्वतः भरला, खरा भरला. पोट फुगतंय, श्वास लागतोय, काळजी वाटते, सगळं लिहिलं. कुणी वाचला नाही. एंडोस्कोपीची तारीख लांबची मिळाली, सोनोग्राफी बाहेरून करा म्हणाले, पोटातलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या गोळीचं कुणी नीट सांगितलं नाही. मराठवाड्यात आधी डॉक्टर द्या, तपासण्या द्या. कागदानं पोटातलं पाणी उतरत नाही. लिहून घ्यायचं आणि वाचायचं नाही, यापेक्षा न विचारलेलं बरं. माणसाला वाटतं आपण सांगितलंय, आता काहीतरी होईल. तो वाट बघत बसतो.

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी २:१०

दादा, वाचून गलबललो. तुमच्या भावाच्या बाबतीत जे झालं तेच अण्णांच्या पहिल्या कागदाचं झालं, फक्त आम्ही बचावलो. दुसऱ्या वेळी कागद तोच होता, ऐकायला सिस्टर बसल्या होत्या. आणि त्यातून जो उपाय निघाला त्याला नवा पैसा लागला नाही, औषध घरात होतंच.

पोटविकार_नांदेड | मंगळवार, रात्री १०:२०

मोसंबी_जालना, तुमचं म्हणणं टाळण्यासारखं नाही.

न्यूयॉर्कच्या एका कॅन्सर रुग्णालयातला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. शरीरात पसरलेल्या कॅन्सरचे ७६६ पेशंट. काहींनी आपली लक्षणं कॉम्प्युटरवर नियमित नोंदवली, बाकीच्यांना नेहमीसारखी सेवा मिळाली. नोंदवणाऱ्यांतले निम्मे पेशंट ३१.२ महिने किंवा त्याहून जास्त जगले, इतरांतले निम्मे २६ महिने किंवा त्याहून जास्त. हा कॅन्सरचा अभ्यास आहे, लिव्हरचा नाही, तेव्हा आकडा तसाच उचलून इकडं लावता येणार नाही. पण त्यांची व्यवस्था बघा. एखादं लक्षण वाढलं की नर्सला त्याच वेळी इशारा जायचा, आणि नर्स फोन करायची, औषध बदलायला सांगायची. नुसत्या नोंदीनं ते साधलं असतं असं मला वाटत नाही. तुमच्या भावाच्या कागदामागं अशी नर्स नव्हती.

म्हणून माझं मत असं की ज्या ओपीडीत कागद वाचायला माणूस नेमता येत नाही, तिथं २९ प्रश्न देऊच नयेत. तीन विचारावेत आणि तिन्ही ऐकावेत.

कोयत्याची_लेक | बुधवार, सकाळी ७:००

पहिल्यांदाच लिहितेय. केज तालुका. आई-वडील ऊसतोडीला जातात. आईला ऑटोइम्यून हिपॅटायटिस आहे, म्हणजे शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उलटतं, त्यातून सिरॉसिस सुरू झालाय. तिलाही कागद दिला होता, मे महिन्यात. "जड वस्तू उचलताना त्रास?" तिनं "कधीच नाही" सांगितलं. मी म्हटलं, आई, खोटं काहून सांगतीस? तर तिची कारणं दोन.

एक, मे महिन्यात ती घरी असते. दोन आठवड्यांत तिनं मोळी उचललीच नव्हती, मग त्रास होणार कुठून? दसऱ्यानंतर कारखान्याला गेल्यावर ती डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढते. तेव्हा दवाखान्यात यायला सुट्टी नसते, खाडा पडला की पैसे कापतात. म्हणजे त्रास असतो तेव्हा कागद नसतो आणि कागद असतो तेव्हा त्रास नसतो.

दुसरं कारण ऐकून मला रात्रभर झोप आली नाही. तिला वाटलं हा कागद मुकादमापर्यंत गेला तर? बाई आजारी आहे कळलं तर पुढच्या हंगामाची उचल मिळणार नाही, आणि कोयता तर नवरा-बायको दोघांचा मिळून असतो. म्हणून तिनं सगळीकडं "त्रास नाही" केलं. डॉक्टरांनी ते बघून "मस्त आहे" म्हटलं.

कागद कुणाकडं जाणार आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

बालाघाटी | बुधवार, दुपारी ३:४०

लेकी, तुझं वाचून मी आज वॉर्डात एक बदल केला. सुरुवातीलाच सांगते, "हे फक्त मी आणि डॉक्टर बघणार. तुमच्या गावात, कामावर, कुणालाही जाणार नाही." १४ वर्षांत हे वाक्य मी कधी बोलले नव्हते. पेशंटला माहीतच असेल असं धरून चालत होते.

आणि ऊसतोडवाल्यांना मी आता दोनदा विचारणार, "आत्ता कसं?" आणि "मागच्या हंगामात कसं होतं?" दुसरं कागदावर बसत नाही, मी समासात लिहीन.

पांढरी_ज्वारी | बुधवार, रात्री ११:५०

दारूच्या बाबतीत इथं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या मिस्टरांचं लिव्हर दारूनं गेलंय. चार महिने झाले सोडून. त्यांना दोन कागद दिले होते. एक दारूबद्दल १० प्रश्नांचा, तो सासऱ्यांच्या समोर भरायला लावला. काय खरं लिहिणार? दुसरा उदासीबद्दल, ९ प्रश्नांचा. त्यातल्या शेवटच्या प्रश्नावर, मरून गेलेलं बरं असं वाटतं का, त्यांनी "जवळपास रोज" वर खूण केली होती. मला आठ दिवसांनी फाइल लावताना दिसलं. दवाखान्यात त्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नव्हता. मीही अजून विचारलेलं नाही, भीती वाटते, विचारलं तर अजून मनात येईल.

पोटविकार_नांदेड | गुरुवार, रात्री १२:२०

ताई, आधी हे वाचा. विचारल्यानं तसा विचार मनात येत नाही. उलट बोलायला माणूस मिळतो. उद्याची वाट न बघता त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, "जीव नकोसा होतो का?" घरातली फवारणीची औषधं कुलपात टाका किंवा शेजाऱ्यांकडं ठेवा. १४४१६ हा टेलीमानसचा सरकारी नंबर आहे, मोफत, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. मिस्टर लगेच जिवाचं काही करून घेतील असं क्षणभर जरी वाटलं तरी एकटं सोडू नका, जवळच्या रुग्णालयात न्या. उद्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि लिव्हरचा आजार आहे हे आधी सांगा, म्हणजे लिव्हरला चालतील अशीच औषधं देतील.

तो ९ प्रश्नांचा कागद पीएचक्यू-९. त्याचा नववा प्रश्न ज्या दिवशी भरला त्याच दिवशी, पेशंट दाराबाहेर जायच्या आत कुणीतरी वाचायलाच हवा होता. ही आमच्या लोकांची चूक आहे. आणि दारूचे प्रश्न घरच्यांसमोर विचारायचे नसतात. सोडून चार महिने झालेत, हे त्यांनी मोठं काम केलंय, त्यांना तसं सांगा.

बालाघाटी | गुरुवार, सकाळी ६:१०

ताई, बोललात का? इथं लिहा किंवा मला निरोप करा. मी जागी आहे.

पांढरी_ज्वारी | गुरुवार, सकाळी ९:३५

बोलले. पहाटेपर्यंत बोलत होतो. ते रडले. फवारणीच्या बाटल्या दिरानं नेल्या. आज दुपारी लातूरला दाखवायला निघालोय. कुणी विचारलंच नाही, असं तेही म्हणाले.

बार्शी_लाइट | गुरुवार, रात्री ८:४५

ताई, खूप धीराचं काम केलंत.

गोदाकाठ, अण्णांच्या पायातल्या गोळ्यांबद्दल. लोणच्याच्या पाण्याचा एक घोट घेतला की गोळा उतरतो, असं परदेशात सिद्ध झालंय म्हणे, खरंय का?

पोटविकार_नांदेड | गुरुवार, रात्री ९:३०

अमेरिकेत सिरॉसिसच्या पेशंटवर तसा अभ्यास झालाय, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळा आला की चमचाभर खारं पाणी, आणि गोळ्याची तीव्रता कमी झाली. पण ते खारवलेल्या काकडीचं पाणी. आपलं लोणचं तेला-मिठाचं, आणि पोटात पाणी असेल तर दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आसपास ठेवायचं असतं. स्वतःच्या मनानं सुरू करू नका.

आणि जेवणाचं विचारा अण्णांना. खाण्यावरची बंधनं त्रास देतात का, हा प्रश्नही त्याच कागदात आहे आणि सगळे तो ओलांडून जातात. आपल्याकडं लिव्हर म्हटलं की डाळ, दूध, अंडं सगळं बंद करतात आणि माणूस नुसत्या पातळ खिचडीवर सुकतो. सिरॉसिसमध्ये प्रथिनं उलट जास्त लागतात, किलोमागं दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम. झोपताना थोडं खाऊन झोपावं, म्हणजे रात्रीच्या उपासात शरीर स्वतःचे स्नायू तोडत नाही.

गोदाकाठ | तीन आठवड्यांनी, रविवार

अण्णांना काल दाखवून आणलं. या वेळी मध्येच दुधना नदीच्या अलीकडं गाडी थांबवायची असं आधीच ठरवून भाच्याची जीप केली होती, औषध बंद केलं नाही. जनावरांची नावं १४ झाली. टिटवी सांगितली तेव्हा सिस्टर हसल्या, म्हणाल्या चालेल. रात्री झोप लागते. गोळे अजून आहेत, पण आता हाक मारतात, मी उठून पोटऱ्या दाबतो. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. धाकट्या बहिणीची पॉझिटिव्ह आली, तिचं पुढचं सुरू केलंय. डॉक्टर, तुम्ही आठवण केली नसती तर राहिलंच असतं.

कागदातला शेवटचा प्रश्न होता, गरज पडली तर लिव्हर मिळेल का याची चिंता वाटते का. अण्णा सिस्टरना म्हणाले, "मिळंल का याची नाही बाई. पोरगं सोताचं देतो म्हणंल, त्याचा घोर हाय." त्या ओळीपुढं सात चौकटी होत्या. सिस्टरनी कोणत्याच चौकटीत खूण केली नाही, खाली अण्णांचं वाक्य जसंच्या तसं लिहून डॉक्टरांकडं नेलं. मग डॉक्टर, अण्णा आणि मी, आम्ही तिघं पहिल्यांदा त्यावर बोललो.

बालाघाटी ताई, त्या सिस्टरना मी तुमचे चार शब्द दिले. दमणं, बळ नसणं, उमेद नसणं, झापड. त्यांनी आणखी मागितलेत. काळजी, उदासी आणि खाज यांना तुमच्या भागात काय म्हणतात ते सगळ्यांनी इथं लिहा. तालुक्याचं नाव टाका.

कोयत्याची_लेक | रविवार, रात्री ८:०५

केज. आई उदासीला "करमत नाही" म्हणते. पण जास्त झालं की "जीव उडून गेलाय" म्हणते. ते वेगळं लिहा.